सावत्र तळ्याची पंगत

मुलींचे वसतिगृह, खोली १४
२ ऑगस्ट २०२४

ती. मच्छिंद्रकाका,

पत्राची सुरुवात साष्टांग नमस्काराने कर, असं बाबांनी बजावलं आहे, म्हणून आधी तो घ्या आणि अर्धा काकूंना द्या.

पाठवलेलं पोतं मिळालं असेल. त्यात जी हिरवट भुकटी आहे तिचं नाव 'मत्स्यतेज'. शेवग्याचा पाला, मेथी, लसूण, हळद आणि अश्वगंधा, एवढंच तिच्यात आहे. ती खाऊन मासे लवकर वाढतात आणि आजारी कमी पडतात, असं आमच्या अवधूत सरांचं म्हणणं आहे. म्हणणं त्यांचं, सिद्ध करायचं मी. यालाच पीएचडी म्हणतात.

तुमची दोन शेततळी शेजारी-शेजारी, एकाच मापाची, एकाच कालव्याच्या पाण्याची. रोहूची पिल्लंही एकाच दिवशी सोडलेली. म्हणून तर मी तुमच्याकडे हट्ट धरला. आता चार महिने एवढंच करायचं. पहिल्या तळ्याला दर किलो खाद्यात दहा ग्रॅम भुकटी, तेलाचा हात लावून. दुसऱ्या तळ्याला तेच खाद्य, पण भुकटी नाही. चिमूटभरसुद्धा नाही. अधूनमधून दोन्हीकडे जाळं टाकून वीस-वीस मासे तोलायचे आणि सरासरी मला कळवायची.

फोनवर सांगितलं तर चालणार नाही का, असं तुम्ही बाबांना विचारलंत. नाही चालणार. सरांना 'शेतकऱ्याच्या स्वहस्ताक्षरातील नोंद' फाइलला लावायची असते. तक्ता सोबत आहे.

काका, माझा पहिला प्रयोग कॉलेजच्या टाक्यांमध्ये होता. एका दुपारी वीज गेली, हवेचा पंप बंद पडला आणि प्रयोग उलटा तरंगायला लागला. आता ही शेवटची संधी. जानेवारीअखेर प्रबंध दिला नाही तर माझी नोंदणी रद्द होईल आणि पाच वर्षं वाया जातील. सगळं तुमच्यावर आहे.

तुमची,
गंधाली

*

तीर्थपुरी
२१ ऑगस्ट २०२४

चि. गंधाली,

आशीर्वाद. तक्ता भरून जोडला आहे. 'शेरा' या रकान्यात माझं नुसतं नाव लिहिलं तरी भिंत फोडून बाहेर येतं, म्हणून शेरा पत्रात लिहितो. सरांनी फाइल जरा जाड करावी.

नागपंचमीला नारळ फोडून भुकटी सुरू केली. गावात बातमी पसरली, की दीनानाथची पोरगी माशांना काढा पाजते. रोज कोणीतरी बांधावर येऊन विचारतं, सर्दी उतरली का? नाव मच्छिंद्र आणि गळ्यात माळ, मासा पोसतो पण तोंडात घालत नाही, म्हणून लोकांना माझी आधीच गंमत वाटते. त्यात ही भर.

खरी अडचण घरातली आहे. मी एका तळ्यात भुकटीचं खाद्य टाकलं आणि दुसऱ्यात साधं, ते तुझ्या काकूने पाहिलं. पाटी खाली ठेवून उभीच राहिली.

"अन् ह्यांचं काय?"

"ह्यांना न्हाई द्यायचं. प्रयोग हाय."

"ह्यांनी काय घोडं मारलं?"

"कुणी काई न्हाई मारलं. एकाला द्यायचं, एकाला न्हाई, मंग बघायचं कोण वाढतं."

"हे बघायला एवढं शिकावं लागतं व्हय? माझ्या म्हायेरी यायचं, फुकट दाखिवलं असतं."

तिच्या मते हा पंक्तिप्रपंच आहे. एका पंगतीत एकाच्या भातावर तूप आणि शेजारच्याला कोरडा भात, याच्याएवढं पाप तिच्या पोथीत दुसरं नाही. पोळ्याला आपण दोन्ही बैलांना सारखीच पुरणपोळी देतो, मग माशांनीच काय केलं, म्हणते. दुसऱ्या तळ्याचं नाव तिने 'सावत्र तळं' ठेवलं. आता सून शीतल, मुलगा भारत, सगळं घर तेच म्हणतं.

तू काळजी करू नकोस. पोतं कोठीत ठेवून कुलूप लावलं आहे आणि किल्ली माझ्या करदोड्याला बांधली आहे. वजनं अशी: पहिलं तळं साठ ग्रॅम, सावत्र तळं एकसष्ट.

मच्छिंद्र

*

खोली १४
३० ऑगस्ट २०२४

ती. काका,

कृपा करून तक्त्यात 'सावत्र' लिहू नका. हा कोणता शास्त्रीय शब्द, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, स्थानिक आहे.

काकूंना एवढं समजावा, की दुसऱ्या तळ्याचं आपण काहीच काढून घेतलेलं नाही. पहिलं तळं जास्त वाढलं हे कशावरून ठरवायचं? दुसऱ्यावरून. दुसरं नसेल तर पहिल्याला अर्थच उरत नाही. खरं तर दुसरं तळंच जास्त महत्त्वाचं आहे, हे सांगून बघा, कदाचित पटेल.

साठ आणि एकसष्ट हे आकडे सरांना आवडले नाहीत. ते म्हणाले, पहिल्या तळ्याच्या जाळ्यात अगदी बारीक मासे आले तर ते तोलू नयेत, कारण ते प्रातिनिधिक नसतात. दुसऱ्या तळ्यातले बारीक मासे मात्र प्रातिनिधिक असतात. मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं कळवते आहे. माझं स्वतःचं काही म्हणणं नाही.

सरांचं माहितीपत्रक छापून आलं आहे. 'मत्स्यतेज: वाढ सत्तावीस टक्के जास्त.' प्रयोग संपायच्या आत कसं छापलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, पुढे निवडणुकीच्या गर्दीत छापखाना मिळणार नाही.

गंधाली

*

तीर्थपुरी
१८ सप्टेंबर २०२४

चि. गंधाली,

तुझ्या सरांना नमस्कार सांग आणि हेही सांग, की जाळ्यात जे आलं ते मी तोललं. आमच्या शाळेत एकदा हेडमास्तरांनी कच्च्या पोरांना परीक्षेच्या दिवशी घरी बसवून निकाल शंभर टक्के लावला होता. त्या कच्च्या पोरांमध्ये मी आणि तुझे बाबा होतो. त्यामुळे ते काम मला जमणार नाही.

पहिलं तळं एकशे पाच, दुसरं एकशे पाच. तराजूत खोट असेल म्हणून आडत्याकडे नेऊन तपासून आणला. तराजू ठीक आहे. सगळंच ठीक आहे, तेच तर कळत नाही.

काकू आता तळ्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. महत्त्वाचं तळं दुसरंच आहे, हे सांगितल्यावर म्हणाली, "मला ठाऊक हाय." म्हणजे पटलं असावं. पण हल्ली तिचं वागणं मला कळत नाही. दारचा शेवगा तिने पार बोडका केला आहे. रोज सकाळी पाट्यावर लसूण आणि मेथी वाटायचा वास येतो, माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ताटात मात्र चटणी नसते. विचारलं तर म्हणते, "तुमच्या पोटाला बरं न्हाई." अंबडच्या लेकीला डबे भरून पाठवत असावी. आईच्या जिवाला कोण काय बोलणार!

मच्छिंद्र

*

खोली १४
४ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

आनंदाची बातमी आहे. दोन्ही तळी सारखी का वाढतात, याचं उत्तर सरांना सापडलं. त्यांनी त्याला 'पार्श्व-पाझर परिणाम' असं नाव दिलं आहे. वनस्पतींचे सूक्ष्म गुण बांधातून झिरपत शेजारच्या तळ्यात जातात. म्हणजे वजनं सारखी आली हा भुकटीचा पराभव नसून पराक्रम आहे. जुनं माहितीपत्रक रद्द झालं. नव्यावर ठळक अक्षरात आहे: 'एका तळ्यात टाका, दोन तळी पोसा.'

निवडणूक उरकून आचारसंहिता उठली की आठ डिसेंबरला तुमच्याच तळ्यावर शेतकरी मेळावा ठरला आहे. आमच्या विद्यापीठाचे संचालक साहेब येणार आहेत. मला दहा मिनिटं बोलायचं आहे. माझ्या प्रबंधात पाझरावर एक वेगळं प्रकरण असेल आणि तो जानेवारीत वेळेवर जाईल.

पाझराचं ऐकून मला आधी जरा विचित्र वाटलं होतं. पण काका, महिन्याभरात काल पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

गंधाली

*

तीर्थपुरी
१९ ऑक्टोबर २०२४

चि. गंधाली,

तू पोटभर जेवलीस हे वाचून बरं वाटलं. बाकीचं पत्र मात्र मी तीनदा वाचलं.

दोन्ही तळ्यांना तळापासून काठापर्यंत प्लॅस्टिकची पन्नी आहे. मी आणि भारतने आठ दिवस उन्हात राबून ती अंथरली. पाणी पाझरू नये म्हणूनच पन्नी घालतात. पाणी पाझरत नाही आणि गुण पाझरतो, हे कसं होतं ते सरांना विचारून कळव. मी शिकलेला नाही, म्हणून विचारतो.

दुसरी गोष्ट वाईट आहे. पलीकडच्या सोमेश्वरच्या तळ्यात तांबडे चट्टे पडून मासे मेले. दोन दिवसांत निम्मं तळं रिकामं झालं. त्याचं तळं आमच्या बांधापासून शंभर पावलांवर आहे. तो मला विचारतो, "पाझर माझ्याकडं का न्हाई आला?" मी म्हटलं, सरांना विचारून सांगतो. आमची दोन्ही तळी ठणठणीत आहेत. गेल्या साली या दिवसांत दीडशे ग्रॅमचा मासा होता. यंदा एकीकडे एकशे नव्वद, दुसरीकडे एकशे एक्क्याण्णव.

तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचलं. काकू हातातलं निवडणं सोडून ऐकत होती. 'एका तळ्यात टाका' हे ऐकलं आणि उठून बाहेर गेली. तुझं काम झालं म्हणून तिला भरून आलं असावं.

मच्छिंद्र

*

तीर्थपुरी
१४ नोव्हेंबर २०२४

गंधाली पोरी,

हे पत्र शीतल लिहून राह्यली अन् मी बोलून राह्यले. तिला म्हटलं, मी बोलते तसंच लिव्ह, शाळेतलं करू नको. तुझ्या काकाला ह्यातलं काई ठाऊक न्हाई.

तुझ्या पोत्याला मी हात लावला न्हाई. देवाची आण. कुलूप हाय तसं हाय. पण पोतं आल्तं तवाच त्याच्यावर काय काय लिव्हलंय ते शीतलनं वाचून दाखिवलं. म्हटलं, हे तर समदं आपल्या दारात हाय. अश्वगंधा तेवढी बाजारातून आणली. पंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून मी घरी वाटून, वाळवून, तुझ्या काकाच्या माघारी सावत्र तळ्याच्या खाद्यात मिसळून राह्यले. बराबर मापात. तुझा काका जेवढी वाटी घेतो तेवढीच वाटी. चिमूट जास्त न्हाई, चिमूट कमी न्हाई.

पोरी, मी तीन वर्षांची असताना माय गेली. बापानं दुसरी केली. ती मला मारत नव्हती, खोटं कशाला बोलू. पण ताटं मांडली की तिच्या लेकरांच्या भाकरीवर लोणी असायचं अन् माझी भाकर कोरडी. घरात कुणी काई बोलायचं न्हाई. मी त्यांची उंची बघायची अन् माझी बघायची. तो बी प्रयोगच व्हता. मंग तूच सांग, मी त्या दुसऱ्या तळ्याच्या काठावर हात झाडून कशी उभी राहू?

मी गप बसणार व्हते. पण ते पाझराचं वाचलं अन् जिवाला घोर लागला. लोक तो कागद वाचतील. एका तळ्यात टाकतील, दुसरं तसंच ठिवतील. सोमेश्वरावानी मासे मरतील अन् म्हणतील, पाझर का न्हाई आला. पाझर कुठला? ती माझी वाटी व्हती. ते पाप मला नको. म्हणून सांगितलं. आता तुला काय करायचं ते कर.

गोजरबाई

*

खोली १४
२२ नोव्हेंबर २०२४

ती. गोजरकाकू,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं आणि तिसऱ्यांदा मी रडले.

काकू, तुमच्या वाटीने माझा सगळा प्रयोग संपला. आता तुलना करायला तळंच उरलं नाही. मासे भुकटीने वाढले, की यंदाच्या पाण्याने, की काकांनी जास्त लक्ष दिलं म्हणून, हे कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्यावर चिडावं तर भाकरीचं वाक्य डोळ्यांसमोर येतं.

पुढचं लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहिते. हे कोणाला सांगू नका. काकांनाही नाही. मेळावा होऊ द्या, जानेवारी होऊ द्या. पदवी हातात आली की मी स्वतः सगळं नीट करीन. मी दिलेले आकडे खरेच आहेत. पाझर सरांचा आहे, माझा नाही.

वाचून झालं की हे पत्र फाडून टाका.

गंधाली

*

तीर्थपुरी
१० डिसेंबर २०२४

मित्रा दिनू,

पत्र लिहायची खोड तुझ्या पोरीने लावली. शिवाय फोनवर तू मध्येच बोलतोस. मेळाव्यात काय झालं ते ती तुला निम्मंच सांगेल, म्हणून पूर्ण लिहितो.

दोन तळ्यांच्या मध्ये मांडव घातला होता. संचालक साहेब दहाला येणार होते, ते दीडला आले. लोक भुकेने कासावीस झालेले, म्हणून भाषणं मागे ठेवून आधी जेवणं उरकायची ठरली. साहेब लोकांना टेबल-खुर्च्या, पुऱ्या आणि बासुंदी. आम्हाला खाली पंगत आणि खिचडी. गंधालीला सरांच्या शेजारची खुर्ची होती. माझी गोजर बायकांच्या पंगतीत होती, तोंडाला पदर लावून. पंधरा दिवस ती घरात धड कोणाशी बोलली नव्हती. मला वाटलं, दात दुखतो.

वाढप्याने बासुंदीची बादली टेबलापाशी संपवली आणि रिकामी बादली घेऊन आमच्या पंगतीवरून गेला. तुझ्या पोरीच्या पुढ्यात भरलेली वाटी होती. ती त्या वाटीकडे बघत राहिली. मग पंगतीकडे बघितलं. सर तिला काहीतरी सांगत होते, आणि ती मध्येच उठली. वाटी तशीच ठेवली, खाली आली आणि गोजरच्या शेजारी मांडी घालून बसली. खिचडी मागून घेतली. मी म्हटलं, पोरगी साधी आहे, दीनानाथने चांगलं वळण लावलं आहे.

मग सर पाझरावर अर्धा तास बोलले. सोमेश्वर उठून म्हणाला, "साहेब, माझं तळं शंभर पावलावर हाय. माझे मासे मेले. पाझर आला न्हाई." सर म्हणाले, तुमच्या तळ्याची दिशा चुकली आहे, पाझर पूर्वेकडे जातो. सोमेश्वर म्हणाला, मी पूर्वेकडेच आहे. सर म्हणाले, प्रश्नोत्तरं शेवटी.

मग गंधाली उभी राहिली. कागद हातात होता, तो तिने उघडलाच नाही. म्हणाली, पाझर वगैरे काही नाही. दुसऱ्या तळ्यालाही सुरुवातीपासून हाच पाला मिळत होता, गोजरकाकूंनी घरी वाटून घातला. माझा प्रयोग फसला आहे. भुकटीने काय होतं आणि काय होत नाही, हे मला माहीत नाही, आणि या मांडवात कोणालाच माहीत नाही. मग म्हणाली, हे मला पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं आणि काकूंना गप्प राहायला मीच सांगितलं होतं. त्यांची चूक नाही. त्यांनी मला वेळेवर कळवलं होतं.

दिनू, माझा हात आपोआप कमरेकडे गेला. चार महिने मी कुलपाची किल्ली करदोड्याला बांधून फिरलो आणि घरात पाटा उघडा होता! आणि मी बसलो लेकीच्या डब्यांचा हिशेब लावत.

मांडवात गलका झाला. बायका गोजरभोवती जमल्या, प्रमाण काय, तेल कोणतं. संचालक साहेबसुद्धा येऊन उभे राहिले आणि वाटी केवढी, ते लिहून घेतलं. सरांची माहितीपत्रकं वाया गेली नाहीत. लोकांनी उरलेली खिचडी त्यांत बांधून नेली.

गाडीत बसताना सर गंधालीला म्हणाले, "जानेवारी विसरा." ती शेतातल्या खोलीमागे जाऊन रडली. गोजर गेली तिच्याजवळ. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण बराच वेळ दोघी तिथे होत्या.

तुला वाईट वाटेल. मलाही वाटलं. पण परीक्षेच्या दिवशी आपल्याला घरी बसवलं, तेव्हा सगळ्या शाळेला ठाऊक होतं आणि उभं राहून बोललं कोणीच नव्हतं. तुझी पोरगी उभी राहिली. हे सांगायलाच एवढं लांबलचक लिहिलं.

मच्छिंद्र

*

खोली १४
२० जानेवारी २०२५

ती. गोजरकाकू,

नोंदणी रद्द झाली नाही. संचालक साहेबांनी एक वर्ष वाढवून दिलं आणि मार्गदर्शक बदलून दिले. फाइलवर कारण लिहिलं आहे: 'तुलना तळ्यास अनधिकृत पोषण.' माझ्याबरोबरच्या मुली पदव्या घेऊन गेल्या, मी अजून इथेच आहे. रोज वाईट वाटतं, पण झोप लागते. अवधूत सर एका परिषदेत पाझरावर निबंध वाचून आले. टाळ्या पडल्या म्हणे.

आता पुन्हा पहिल्यापासून. या वेळी तीन तळी हवीत. एकाला पोत्यातली भुकटी, एकाला तुमच्या वाटीतला पाला आणि तिसऱ्याला काहीच नाही. खरंच काही नाही, काकू. त्याशिवाय सोमेश्वरकाकांना मी काय सांगू, की टाका किंवा टाकू नका? तिसरं तळं उपाशी नसेल. त्याला खाद्य पोटभर मिळेल, फक्त पाला मिळणार नाही. त्याला हात लावणार नाही, असा शब्द मला द्या.

गंधाली

*

तीर्थपुरी
२ फेब्रुवारी २०२५

गंधाली पोरी,

शीतल लिहून राह्यली. तुझं पत्र वाचलं, समदं समजलं. सोमेश्वराला खरं काय ते सांगायचं तर तिसरं तळं पाहिजे, हे बी पटलं. पण शब्द मागू नको. मी आज हो म्हणीन, अन् उद्या सकाळी त्या तळ्याच्या काठावर गेले की मासे तोंड वर काढतील. मंग माझा शब्द काय कामाचा?

म्हणून असं कर. दोन तळी आमची घे. तिसरं शहागडकडं घे, गोदावरीच्या अंगाला, मला बिलकुल दिसणार न्हाई अशा जागी. येता-जाता ते मासे कसे हायत, ते मला सांगू नको. मी विचारलं तरी सांगू नको.

अन् प्रयोग संपंल त्या दिवशी आधी त्यांना वाढ. ह्या वाटीनं, शिगोशीग. वाटी शीतलच्या हाती पाठवून राह्यले. त्यांचं झालं की मंग इकडं जेवायला ये. तुझं पान माझ्याशेजारी मांडून ठिवते.

गोजरबाई